घरगाडीचं माप

मास्तरांना बूड टेकून बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते फक्त शिलाई मशीनवर, आणि तिथेही त्यांचे पाय चालूच असायचे. डोळ्यांना दोरा दिसेनासा झाला तेव्हा लेकीने मागे लागून दुकान बंद करायला लावलं. मशीन विकलं, कात्र्या वाटून टाकल्या, पाटी उतरवली. पाय मात्र कुणाला विकता येत नाहीत. जेवायला बसले की टेबलाखाली त्यांचं उजवं पाऊल खालीवर व्हायचं आणि समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं.

"किती मीटर झालं शिवून?" मास्तरीणबाई विचारायच्या.

त्या त्यांच्या बायको. जन्मभर मास्तरांच्या मागे बसून त्यांनी काजं केली, बटणं लावली, हातशिलाई घातली आणि तयार कपड्यांची छोटी व्हॅन गावभर फिरवली. त्यांना दुकान सुटल्याचं दुःख नव्हतं. त्यांना झोपायचं होतं. पण घरात एक माणूस सकाळपासून या खिडकीतून त्या खिडकीत येरझारा घालत असेल, मधेच उठून बंद नळ पुन्हा बंद करून येत असेल, तर कुणाचा डोळा लागणार?

असं चाललेलं असताना एके दिवशी मास्तर ट्रेलर घेऊन आले. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. जुनाच होता, पण आत दोन पलंग, एक शेगडी, एक कपाट आणि बोळकंडीएवढी मोरी होती. आत दोघं एकदम वळली तर एकाला दुसऱ्याची माफी मागावी लागे. "पायाला भिंगरीच आहे तर तिला चाकं तरी लावू," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाईंनी पलंगावर बसून पाहिलं, गादी दाबून पाहिली, आणि निदान इथे खिडक्या कमी आहेत एवढ्यावर समाधान मानलं.

पहिल्याच सहलीत फोनने दगा दिला. रस्ता सांगायला फोन पुरेसा आहे असं सगळेच म्हणतात, पण फोनला काय ठाऊक मागे काय जोडलंय? त्याच्या लेखी मास्तर एक लहानशी गाडी चालवत होते. त्याने त्यांना इमानेइतबारे एका बाजारगल्लीत नेऊन सोडलं, जिथे समोरासमोरच्या गॅलऱ्यांतल्या बायका हात लांबवून एकमेकींना वाटी देऊ शकत होत्या. पुढे जायला जागा नाही, मागे घ्यावा तर ट्रेलर चाक फिरवाल त्याच्या उलट जातो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तर पर्वणीच. प्रत्येक खिडकीतून एक सल्ला. शेवटी एक कुंडी आणि मास्तरांची अब्रू फोडून ट्रेलर बाहेर निघाला, आणि मास्तरांनी फोनपुरता कानाला खडा लावला.

लेकीला हे कळल्यावर तिने नेव्हिगेटर पाठवला. खास असल्या गाड्यांसाठी बनवलेला, पाटीएवढा पडदा असलेला. त्यात आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं, आत गॅसची टाकी आहे का तेही सांगायचं, मग तो ठेंगणे पूल, अरुंद गल्ल्या, आडवी वळणं टाळून रस्ता काढतो. "बाबा, आहे तेवढंच माप टाका," लेक फोनवर म्हणाली. "भोवती किती जागा सोडायची ते त्याला कळतं."

"हो, हो," मास्तर म्हणाले, म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं.

नेव्हिगेटरमधून बाईचा आवाज यायचा. गंभीर, ठाम आणि फक्त मास्तरांशी बोलणारा. मास्तरीणबाईंनी तिला पहिल्याच दिवशी 'वन्सं' नाव दिलं. मास्तरांना सख्खी बहीण नव्हती. "नणंदेची हौस राहिली होती, ती म्हातारपणी फिटली," असं त्या लेकीला सांगत. "सगळं आपल्या भावाला सांगतात. मला उजवीकडे काय दिसतंय ते विचारत नाहीत."

आता मास्तरांच्या मापाविषयी सांगायला हवं. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. सगळेच सोडतात, पण मास्तरांचा हात यात जरा जास्तच सढळ. उमेदवारीत असताना त्यांनी एका नवऱ्या मुलाचा कोट अगदी अंगासरशी शिवला होता. माळ घालायला त्याने हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज झाला. मांडव हसला. त्यांच्या उस्तादांनी तेव्हा मारलं नाही, एवढंच म्हणाले, "जास्तीचं आत दुमडता येतं रे. कमीचं कुठून आणशील?" दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मास्तर तर पुढे पाणीसुद्धा फुंकून प्यायले. कपडे सैल, गाडीसाठी दोन तास आधी निघायचं, पाहुणे चार असले तर आठांचा चहा. कोट घालून बघायला आलेल्या प्रत्येकाला ते म्हणायचे, "हात वर करा," आणि काखेत कुठे ओढ पडते का ते वाकून बघायचे. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की मास्तरांकडे बारीक माणसाने जावं आणि जाड होऊन परत यावं. पण त्यांचा कोट फाटला असं कुणी म्हटलं नाही.

ट्रेलरला पावसाचं कव्हर शिवायचं ठरलं तेव्हा दोघांनी टेप धरून माप घेतलं. कापलं मास्तरांनी, शिवलं मास्तरीणबाईंनी, आणि ते एवढं ढगळ झालं की वारा शिरला की ट्रेलर टम्म फुगायचा. त्या हसल्या आणि विसरल्या. वन्संच्या पोटात माप भरायला मात्र मास्तर एकटेच बसले होते.

मग दोघं फिरू लागली. एका जागी दोन दिवस झाले की मास्तरांच्या पायांना मुंग्या यायच्या, पहाटे उठून जोडणी तपासायचे, टायर दाबायचे, आणि चहा होईपर्यंत नकाशा उघडलेला असायचा. वन्संच्या वाटा मात्र अजब. समोर गाव दिसतंय, सरळ आत वळावं, तर वन्सं म्हणणार पुढे चला. पुढे म्हणजे किती, तर अर्धा दिवस. सगळा द्राविडी प्राणायाम. "त्यांना कळतं," मास्तर म्हणायचे, "आपल्याला काय कळतंय?" आणि खरंच, कुठे अडकले नाहीत, कुठे घासलं नाही. मास्तर खूश होते.

मास्तरीणबाई खूश नव्हत्या, आणि त्याला कारण होतं. डोंगरापलीकडच्या एका लहान गावात त्यांची ताई राहायची. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्यांना वाढवलं. वेण्या घातल्या, ताप आला तर उशाशी बसली, लग्न होईपर्यंत दोघी एकाच पलंगावर झोपल्या. ट्रेलर घेतल्यापासून दोनदा तिच्याकडे जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा वन्संनी डोंगराला पूर्ण वळसा दाखवला. "एवढा फेरा?" मास्तर म्हणाले. "पुढच्या वेळी जाऊ. ताई कुठे पळून जातायत?" आणि पाय शिवशिवत होते म्हणून दुसरीकडे वळले.

ताई पळून नाही, पण निघून चालली होती. तिच्या लेकाने तिला परदेशी आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर विकलं. तिचा फोन आला. "पलंग गेले, भांडी गेली, उद्यापासून दिवेसुद्धा बंद. पण अंगण परवा सकाळपर्यंत माझं आहे. तुझं ते चाकांवरचं घर अंगणात आणून लाव. शेवटची रात्र दोघी एका छपराखाली झोपू, पहिल्यासारख्या." मग म्हणाली, "नंतर आपली गाठ पडेल असं मला नाही वाटत गं."

मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि तोंड धुऊन आल्या. "वळसा तर वळसा," त्या म्हणाल्या. मास्तरांनी लगेच गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडं पेंड खायला थांबलं. मोठ्या रस्त्यावर पुढे टँकर आडवा झाला होता आणि दृष्टी जाईल तिथवर गाड्या उभ्या होत्या. मास्तर उतरले, जोडणी बघून आले. बसले. पुन्हा उतरले, गॅसची टाकी बघून आले. बसले. पायाखाली ब्रेक नसून मशीनचं पायडल आहे अशा बेताने त्यांचा पाय चालला होता. मास्तरीणबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला.

"कुठवर आलात?" ताईने विचारलं.

"आलोच," त्या खोटंच म्हणाल्या. मनात एकच गोष्ट फिरत होती. संध्याकाळ होणार, रात्र होणार, सकाळी भाचा येऊन तिला घेऊन जाणार आणि आपण इथे टँकरकडे बघत बसणार. "वन्संना दुसरी वाट विचारा."

मास्तरांनी विचारली. "या वाहनासाठी दुसरा मार्ग उपलब्ध नाही," वन्सं म्हणाल्या.

इंच इंच सरकत ते एका पेट्रोल पंपाशी आले. पंपाच्या कडेने डावीकडे एक रस्ता डोंगरात शिरत होता, आणि त्यावरच्या पाटीवर ताईच्या गावाचं नाव होतं. अंतर इतकं थोडं की मास्तरीणबाईंनी पाटी दोनदा वाचली. त्याच रस्त्याने खाली आलेला एक जाडा माणूस पंपावर आपल्या गाडीची काच पुसत होता. त्याच्या मागे ट्रेलर होता. त्याच कंपनीचा, तेवढाच, छपरावर तसंच गंजकं धुराडं.

मास्तरीणबाई दार उघडून थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "दादा, तुम्ही हा ट्रेलर घेऊन डोंगरातून आलात?"

"हो की."

"वाटेत काही अडत नाही?"

"एक दगडी पूल लागतो, वरून रेल्वे जाते. हळू घ्यायचं. मी नेहमी इथूनच येतो." मग त्याने त्यांच्या ट्रेलरकडे पाहिलं. "तुमचा पण हाच आहे की. जाईल आरामात."

मास्तरीणबाई परत येऊन गाडीत बसल्या. त्यांना एकदम ते फुगलेलं कव्हर आठवलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर काचेबाहेर बघत होते.

"अहो, वन्संना उंची किती सांगितलीत?"

"माप घेतलं होतं ना आपण."

"उघडा. मला दाखवा."

मास्तरांनी बोटाने पडदा सरकवला. साडेदहा फूट.

"कव्हर शिवताना साडेनऊ होती."

"सहा इंच माया धरली."

"आणि वरचे सहा?"

"दुसऱ्या दिवशी वाटलं, असू द्यावे अजून," मास्तर हळूच म्हणाले. "रुंदीलाही धरलेत थोडे. आणि लांबीला."

पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवला. कापडात ठेवलेली माया मास्तर स्वतःच्या हाताने आत दुमडायचे, इथे दुमडायला कुणी नव्हतं. मास्तरांनी सांगितलेलं माप वन्संनी खरं धरलं आणि कुठेच नसलेला एक अगडबंब ट्रेलर इतके महिने गावोगाव वळसे घालत फिरवला.

"म्हणजे आधीच्या दोन्ही वेळा आपण ताईकडे जाऊ शकलो असतो," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा पाय थांबला. उत्तर होतं ते हो असंच होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं काही कमी पाडलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. आता त्यांना पहिल्यांदाच कळलं की बायकोच्या दोन भेटी त्यांनी कमी पाडल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते डावीकडे वळले.

"शक्य होताच मागे वळा," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, जरा गप्प बसा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पूल आला. काळ्या दगडाचा, घळीत रुतल्यासारखा ठेंगणा. वर पाटी होती, उंची दहा फूट दोन इंच. गणित शाळकरी पोराला जमलं असतं, पण मास्तर गाडी थांबवून उतरले. ही पाटी कुणी रंगवली? कधी रंगवली? त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर किती पडले? त्यांनी ट्रेलरमधून तंबूचा बांबू काढला, त्याला टेप बांधला आणि पुलाखाली मधोमध, डावीकडे, उजवीकडे माप घेतलं. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मग शिडीवर चढून ट्रेलर मापला, धुराड्यासकट. मागे चार गाड्या झाल्या.

"काय निघालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मधे सात इंच राहतात. कडेला पाच." मास्तर गाडीत बसले, हात चाकावर ठेवले आणि तसेच राहिले. "जमेल," ते म्हणाले आणि किल्ली फिरवली नाही. त्यांच्या कानात तो काखेतला आवाज वाजत होता.

"उतरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी घेते. तुम्ही पुढे चाला."

ट्रेलरसह गाडी मास्तरांनी बायकोच्या हातात कधी दिली नव्हती. आज दिली. स्वतः पुलाच्या तोंडाशी उभे राहिले, एक हात वर धरून, नजर छपरावर लावून उलटे चालू लागले. "या. या. अजून या. थोडं उजवीकडे. या." जन्मभर गावाच्या गल्ल्यांतून व्हॅन काढलेल्या त्या बाईने चाक एवढंसं हलवत ट्रेलर पुलाखाली घातला. आत अंधार झाला, इंजिनाचा आवाज दगडांत घुमला. धुराडं दगडाखालून सुटलं तेव्हा वर एक वीत उजेड दिसला, आणि ट्रेलर पलीकडच्या उन्हात आला.

मागच्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या. मास्तर दुसऱ्या बाजूने आत बसले. मास्तरीणबाईंनी जागा सोडली नाही आणि त्यांनीही मागितली नाही.

ताई अंगणात एका खुर्चीवर बसली होती. मागे घराला कुलूप, मांडीवर एक जाड कोट. दिवस मावळायला आला होता. मास्तरीणबाई गाडी बंद न करताच उतरल्या. ताईने त्यांचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली, "दोनदा तुमच्यासाठी धुतलेली चादर घातली होती पलंगावर. आता पलंगच नाही बघ."

"ताई, चूक माझी," मास्तर म्हणाले आणि सगळं सांगितलं, उंचीचं, रुंदीचं, वरच्या सहा इंचांचं. ताई ऐकून हसली. "मास्तर, तुमचं माप मला का ठाऊक नाही? लेकाच्या लग्नात तुम्ही शिवलेला कोट तो अजून घालतो. पोट सुटलं तरी." मग तिने मांडीवरचा कोट पुढे केला. "हा त्यानेच पाठवलाय. तिकडे थंडी फार. पण यात माझ्यासारख्या दोघी मावतील. अंगासरशी करून द्या. सैल नका ठेवू हं. वाढायचं वय नाही राहिलं माझं."

ती खूप बारीक झाली होती. मास्तरांनी तिचं माप घेतलं तेव्हा टेप त्यांच्या बोटांत उरलाच जास्त. ट्रेलरच्या पायरीवर, दाराच्या दिव्याखाली, चष्मा नाकावर ओढून ते हाताने शिवू लागले. सुईत दोरा मास्तरीणबाईंनी ओवून दिला. आतून दोघी बहिणींचं बोलणं येत होतं, मधेच हसू, मधेच काहीच नाही. मास्तरांचा पाय पायरीवर चालूच होता.

शिवून झाल्यावर मास्तरीणबाईंनी कोट उलटा करून पाहिला. बाजूंना दोन्हीकडे चार चार बोटं कापड आत दुमडून, धावत्या टाक्याने नीट बसवलेलं होतं.

"कापलं नाहीत?"

"नको," मास्तर म्हणाले. "तिकडची हवा मानवली तर अंग भरेल त्यांचं. कुणीही उसवून देईल."

मास्तरीणबाईंनी त्या दुमडलेल्या कापडावरून बोट फिरवलं आणि कोट घडी करून आत नेला. ती रात्र मास्तरांनी गाडीतल्या सीटवर काढली, पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

सकाळी भाचा आला. घाई होती, सामान होतं, विमान गाठायचं होतं. बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि भाच्याने घड्याळाकडे पाहून तोंड फिरवलं. मग ताई गाडीत बसली. कोट तिला चापून बसला होता. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, आणि ताईने खिडकीतून हात बाहेर काढून उंच केला.

मास्तरांची नजर सवयीने काखेकडे गेली. हात पूर्ण वर होता आणि कापड कुठेच ताणलं नव्हतं, सुरकुतीसुद्धा नव्हती. ते बघेपर्यंत गाडी झाडांआड गेली.

"ताईने हात केला," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बघितलात ना?"

मास्तर रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी बाही बघितली होती. हात बघायचा राहून गेला होता.

"बघितला," ते म्हणाले. "कुठे ओढ पडली नाही."